गाण्याला गाण्यानं उत्तर

शौकीन : इंदापूरच्या त्या पोरानं तुझ्यावर गाणं सोडलं, ते तालुकाभर फिरलं, आणि तू अजून गप्पच. इंजिनिअरिंग कॉलेजातली पोरं मला अडवून विचारतात, "तात्या, उत्तर कधी?" मी ते गाणं दोनदा ऐकलं. वाईट नाही. तुझ्या बोलण्याची ढब त्यानं बरोब्बर उचललीय, मळीच्या वासावरून सगळ्या माळेगाव बुद्रुकला टोमणा मारलाय, आणि शेवटी तुझं नाव घेऊन विचारलंय की गाण्यात एवढं ऊस-ऊस करतोस, कोयता कधी हातात धरलास का? हा सवाल झाला. सवाल-जवाब ऐकत आमची जत्रेतली रात्र सरायची. सवाल आला की जवाब द्यायचा, नाहीतर डफ खाली ठेवायचा.

शंकेखोर : गंमत बघा तात्या. रॅप मी करतो, आणि भांडणगाण्यांची वकिली तुम्ही करताय. तुमच्या वयाच्या माणसानं खरं तर मला म्हणायला हवं होतं, "बाबा, हा शिव्यांचा धंदा सोड, अभ्यास कर." तुम्हाला या भांडणगाण्यांत, म्हणजे डिस ट्रॅकमध्ये, जत्रा दिसते. मी दोन्ही बाजूंची गाणी ऐकत मोठा झालोय, म्हणून मला त्यातला हिशेब दिसतो. 2018 ची गोष्ट घ्या. रफ्तार या नावाजलेल्या रॅपरच्या मुलाखतीतल्या एका वाक्यावरून ठिणगी पडली. मुंबईच्या एमीवे बंटायनं 'समझ में आया क्या' काढलं, रफ्तारनं 'शेख चिल्ली', त्यावर एमीवेचं 'गिरफ्तार'. आम्ही तेव्हा शाळेत. मधल्या सुट्टीत वर्गाचे दोन तट पडायचे. आज आठवतं तेव्हा वाटतं, काय मुद्दा होता? कोण किती कमावतो, कुणाच्या मागं कंपनी आहे आणि कोण स्वतःच्या जिवावर उभा आहे. मुद्दा आठवायला डोकं खाजवावं लागतं, पण किती लोकांनी बघितलं ते सगळ्यांना पाठ.

शौकीन : कोण कुणाच्या जिवावर उभा आहे, हा काय लहान मुद्दा वाटतो तुला? वस्तीतला पोरगा कंपनीच्या दारात न जाता गाणं काढतो आणि नावाजलेल्या गायकाला भर चौकात बोलावतो, यात मला तरी दम दिसतो. कलगी-तुऱ्याचा मूळ तंटा तुला माहीत असेल. कलगीवाले शक्तीला थोर मानणारे, तुरेवाले शिवाला. आता शिव मोठा की शक्ती, याचा निकाल लागून कुणाच्या घरी पीठ येणार होतं? तरी भेदिक शाहिरांनी त्यावर रात्रीच्या रात्री जागवल्या. पुराणातलं कोडं घालायचं, अध्यात्मातलं घालायचं, समोरच्यानं त्याच वजनात ते फोडायचं आणि उलट कोडं टाकायचं. त्या तंट्यापायी शाहीर घडले. आपल्या शेजारच्या जेजुरीचा सगनभाऊ धंद्यानं शिकलगार, धर्मानं मुसलमान. पुण्यात त्याची चढाओढ होनाजीशी, आणि होनाजी गवळी. हत्यारांना धार लावणारा आणि दूध घालणारा, दोघांची नावं दुसऱ्या बाजीरावाच्या काळापासून आजवर टिकली. समोर तोलामोलाचा गडी नसता तर दोघांनीही इतकी घासूनपुसून लावणी लिहिली असती का?

शंकेखोर : सगनभाऊंचं नाव घेतलंत ते बरं झालं. चढाओढ दोन शाहिरांची, आणि गादीवर बसून बघत कोण होतं? पेशवा. झुंजणारे शिकलगार आणि गवळी, बक्षीस देणारा तिसराच. आजची पेशवाई सांगतो. 2024 मध्ये अमेरिकेत केंड्रिक लमार आणि ड्रेक यांच्यात अशीच जुंपली. मे महिन्यात केंड्रिकचं 'नॉट लाइक अस' आलं. त्यात ड्रेकवर असा आरोप, की तो खरा असेल तर माणूस तुरुंगात जावा, आणि खोटा असेल तर आरोप करणारा. त्याच आठवड्यात टोरांटोला ड्रेकच्या घराबाहेर गोळीबार होऊन पहारेकरी जखमी झाला. गोळीबार गाण्यामुळं झाला असं मी म्हणत नाही. पण पुढं बघा. फेब्रुवारी 2025 मध्ये त्या गाण्याला पाच ग्रॅमी मिळाले. दोघंही गायक शेवटी युनिव्हर्सल म्युझिक या एकाच कंपनीच्या छत्राखालचे. ड्रेक कोर्टात गेला तो केंड्रिकवर नव्हे, त्या कंपनीवर. ऑक्टोबर 2025 मध्ये न्यायाधीशांनी दावा फेटाळला. म्हणाले, रॅपच्या भांडणात बोललेलं हे मत आहे. समंजस ऐकणारा ते पुराव्यानिशी सांगितलेलं सत्य धरणार नाही. म्हणजे भांडण दोघांचं आणि गल्ला एकाच दुकानात.

शौकीन : कोर्टानं तर माझीच बाजू उचलून धरली की! फडात बोललेलं फडापुरतं. होळीला बोंब मारणाऱ्यावर कुणी अब्रूनुकसानीचा दावा लावत नाही.

शंकेखोर : होळी एका दिवसात विझते, तात्या. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाकडं तुम्ही ट्रॅक्टर मागायला जाता. माझ्यावरचं गाणं उद्याही राहणार, माझ्या नोकरीच्या मुलाखतीच्या दिवशीही राहणार. नाव टाकलं की पहिलं तेच वर येणार.

शौकीन : हे मला पटतं, म्हणून तुला एक जागा सांगतो. लोणंदच्या बाजूला, खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावं. मध्ये ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बाया वाजतगाजत ओढ्याच्या दोन काठांवर येतात आणि एकमेकींना हातवारे करून मनसोक्त शिव्या घालतात. बोरीचा बार म्हणतात त्याला. गोष्ट अशी सांगतात की एका पाटलाच्या दोन बायका, एक या गावात, एक त्या गावात, आणि दोघींचं भांडण ओढ्यावर जुंपलं. तेच पुढं चालू राहिलं. बघायला हजारो माणसं जमतात, बायांनी काठ ओलांडू नये म्हणून पोलीस असतात. आणि बार संपला की सगळ्या आपापल्या घरी. वर्षभराचं मनात साठलेलं मोकळं करायला ती एक दुपार ठेवलेली आहे. तुमचं हिपहॉप न्यूयॉर्कच्या गल्ल्यांत जन्मलं म्हणतोस. मला तर वाटतं त्याचं मूळ माणसाच्या पोटात आहे. कुठल्याही गावाला एक ओढा लागतोच.

शंकेखोर : बोरीच्या बारावरून दोन गोष्टी मनात आल्या. पहिली जरा अवघड आहे, पण सांगतो. तिथं शिव्या देणाऱ्या बाया आहेत. आमच्याकडं बाया शिवीत असतात. रॅपमधली दहा भांडणगाणी ऐका, समोरच्याला हाणायचं म्हणून त्याची आई, बहीण, जुनी मैत्रीण यांना ओढून आणलेलं दिसेल. भांडण दोन बाप्यांचं, आणि मार खाते तिसरीच, जिला माइक कधी मिळालेला नाही. इंदापूरच्या गाण्यात ते नाही, हे त्याचं मोठेपण मी मानतो. पण माझे मित्र मला सांगतात ते काय? "त्याच्या बहिणीवरून एक ओळ टाक, मग बघ कसं पळतं." मी ती ओळ लिहिणार नाही, आणि ती न लिहिता केलेलं उत्तर त्यांना अळणी लागणार.

शौकीन : बायांना माइक मिळाला तेव्हा काय झालं, ते तूच मला सांगितलं होतंस. त्या चौदा वर्षांच्या पोरीची गोष्ट.

शंकेखोर : रोक्सान शांते. 1984 चं साल. यूटीएफओ नावाच्या टोळक्यानं एका पोरीवर गाणं केलं, की ही रोक्सान आम्हाला भाव देत नाही. क्वीन्सब्रिजच्या सरकारी चाळींतली ही चौदा वर्षांची पोर उभी राहिली, त्या रोक्सानच्या तोंडून बोलली आणि तिघांचीही पिसं काढली. मग उत्तरांना उत्तरं, डझनावारी निघाली. ते गाणं मलाही आवडतं. पण का आवडतं? जिच्याबद्दल बोललं गेलं, तीच बोलली म्हणून. असं किती वेळा घडतं?

शौकीन : आणि दुसरी गोष्ट?

शंकेखोर : ओढा. सगळं त्या ओढ्यात आहे. दोन्ही काठ एकमेकांना दिसतात. बघणारे दोन्ही गावांना ओळखतात. कुणी हद्द सोडली तर अडवायला माणूस उभा आहे. आणि अंधार पडला की संपतं. 1981 मध्ये हार्लेममध्ये कूल मो डी आणि बिझी बी समोरासमोर भिडले, तेव्हा तेही तसंच होतं. एक खोली, दोन गडी, निकाल तिथल्या तिथं लोकांच्या आरोळीनं. पुढं पंधरा वर्षांत ते कुठं गेलं बघा. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस, देशाच्या दोन टोकांना दोन काठ, मध्ये मासिकं, रेडिओ, कंपन्यांची माणसं. जून 1996 मध्ये लॉस एंजेलिसकडच्या टुपाकनं न्यूयॉर्कच्या बिगीवर 'हिट एम अप' सोडलं. सप्टेंबरात लास व्हेगासला त्याला गोळ्या घातल्या. वय 25. पुढच्या मार्चमध्ये बिगी गेला, वय 24. खून गाण्यानं होत नाहीत, त्यामागं टोळ्यांची वैरं होती, हे मान्य. पण त्या दोघांच्या मध्ये ओढा नव्हता, हेही खरं. माझ्यात आणि त्या इंदापूरच्या पोरात तरी कुठाय? बारामतीहून इंदापूर एसटीनं तासा-दीड तासावर, आणि आम्ही एकमेकांना एकदाही भेटलेलो नाही. खाली प्रतिक्रिया लिहिणारे दोघांनाही ओळखत नाहीत. त्यांना फक्त अजून पाहिजे असतं.

शौकीन : तू नेहमी शेवट वाईट झालेलीच उदाहरणं काढतोस. न्यूयॉर्कचाच जे-झी आणि नास. 2001 मध्ये एकमेकांची सालं काढली, आणि 2005 मध्ये एकाच स्टेजवर आले, हे मला तूच दाखवलंस. आणि आपल्याकडचं बघ. सासवडचे आचार्य अत्रे 'केशवकुमार' या नावानं काय करत होते? 'झेंडूची फुले' म्हणजे रविकिरण मंडळावरचा डिसच ना? पण त्या कवींची लकब, त्यांची वृत्तं, त्यांचे हळवे शब्द अत्र्यांनी इतके मन लावून वाचले होते, की त्यांच्या चाहत्यांनीसुद्धा तेवढे वाचले नसतील. चांगली नक्कल करायला समोरच्याचा अभ्यास लागतो. इंदापूरच्या पोरानं तुझी प्रत्येक ओळ ऐकलीय. घरातलं कुणी तुझं एवढं ऐकत नाही. मीसुद्धा निम्मं सोडून देतो.

शंकेखोर : अत्रे मान्य. पण अत्र्यांचा वार कवितेवर होता. बारामतीचीच परंपरा सांगायची तर मी वेगळी सांगेन. मोरोपंत बाबूजी नाईकांच्या आश्रयानं बारामतीत राहिले, आर्या रचत गेले. सोलापूरचा राम जोशी तमाशात रमलेला शाहीर. एक पंडित, एक तमासगीर, एकमेकांची टर उडवायला याहून सोयीची जोडी शोधून मिळाली नसती. झालं उलटंच. राम जोशींनी पंतांच्या आर्या कीर्तनातून गाऊन गावोगाव पोचवल्या. इथल्या मातीत हेही होतं, तात्या. आणि अजून एक बोचतं. एकमेकांवर गाणी केली तर आम्हाला हार-तुरे. एप्रिल 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेनं खोक्यांवर, म्हणजे राज्यातल्या सत्तांतरावर रॅप केला, तर अंबरनाथला गुन्हा दाखल झाला. त्याच महिन्यात मुंबईत उमेश खाडेवरही. त्यांनी वर बघून गायलं म्हणून पोलीस आले. आम्ही शेजारी बघून गातो, म्हणून कुणालाच काही अडचण नाही. माळेगाव कारखान्याच्या निवडणुकीत जून 2025 मध्ये स्टेजवरून काय काय ऐकलं आपण! त्यावर एक ओळ लिहायची माझी छाती झाली नाही, आणि इंदापूरच्या कुणा पोरावर मी सोळा ओळी लिहू?

शौकीन : छाती झाली नाही, हे कबूल करतोस, बरं वाटलं. पण मग तू उत्तर का देत नाहीस याचं खरं कारण पेशवा नाही, युनिव्हर्सल कंपनी नाही, टुपाकही नाही. मघापासून तू न्यूयॉर्कला जाऊन आलास, टोरांटोला जाऊन आलास. त्या पोरानं विचारलेल्या सवालाकडं मात्र वळलेला नाहीस. कोयता धरलास का?

शंकेखोर : नाही धरला. आपल्या रानातला ऊस बीडकडून आलेल्या टोळ्या तोडतात. पहाटे थंडीत त्या बाया मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढतात, आणि मी बांधावर उभा राहून व्हिडिओ काढतो. मग घरी येऊन 'कोयता' हा शब्द यमकात बसवतो. त्यानं ते नेमकं पकडलं. आता कळलं का, मी गप्प का आहे? त्याचं बरोबर आहे. आणि डिस ट्रॅकमध्ये 'तुझं बरोबर आहे' असं म्हणायला जागाच नाही. तुमच्या भेदिकात कोडं सुटलं नाही तर डफ खाली ठेवता यायचा, सकाळी शाहीर पुन्हा शाहीरच. आमच्यात हरायची सोय नाही. एप्रिल 2024 मध्ये जे. कोलनं केंड्रिकवर गाणं काढलं, दोनच दिवसांत स्वतःच्याच महोत्सवात स्टेजवरून माफी मागितली, आणि पुढं ते गाणं काढूनही टाकलं. लोकांनी काय म्हटलं? भित्रा. कित्येक महिने त्याची टिंगल चालली. मला वाटतं त्या सगळ्या तमाशात हिमतीचं काम त्या एकट्यानं केलं.

शौकीन : टिंगल होणारच. माफी त्यानं बोलून मागितली. गाण्याचं देणं गाण्यानं फेडायचं असतं. तू गाऊन कबूल कर. पहिलीच ओळ : नाही धरला.

शंकेखोर : तो डाव जुना झालाय. '8 माईल' नावाचा 2002 चा सिनेमा आहे. त्यात नायक रॅपच्या शेवटच्या सामन्यात आपल्या सगळ्या उणिवा स्वतःच आधी सांगून टाकतो. समोरच्याकडं बोलायला काही उरत नाही, आणि नायक जिंकतो. तेव्हापासून कबुली हेसुद्धा हत्यार झालंय. मी 'नाही धरला' म्हटलं की पोरं टाळ्या वाजवणार, म्हणणार काय खरा माणूस आहे. म्हणजे ऊसतोडीच्या बायांच्या कष्टावर मी एकदा यमक कमावलं, आता त्यांच्याबद्दलच्या लाजेवर दुसऱ्यांदा कमावणार. आणि इंदापूरवाल्यानं तरी कुठं धरलाय कोयता? त्याच्याही घरी ऊसच असेल, नाहीतर डाळिंब.

शौकीन : मग तेच विचार त्याला! हाच तर पुढचा सवाल झाला. मघाशी म्हणत होतास, मुद्दा काही नसतो. आता मुद्दा निघाला. ऊस कुणाचा, घाम कुणाचा, आणि गाणं कुणी म्हणायचं? त्या पोरानं तुला डिवचलं नसतं तर हे तुझ्या तोंडून कधी निघालं असतं? मी ज्या भांडणाची वकिली करतोय ते हे. गोडीगुलाबीनं कुणी तुला हे विचारलं नसतं. आम्ही घरच्यांनी तर नाहीच.

शंकेखोर : डिवचल्यामुळं निघालं, हे मानतो. तरी अडचण सुटत नाही. तो विचारणार, मी विचारणार, दोघांच्या प्रेक्षकांत भर पडणार, आणि ज्यांच्या हातात कोयता आहे त्या तिसऱ्या माणसाला आम्ही दोघंही पायरी करून वर चढणार. रोक्सान शांतेसारखं कुणी त्या टोळीतून उठून आमच्या दोघांवर गाणं करेल, तर तो खरा जवाब. पण ते होईपर्यंत मी काय करू? गप्प बसणं हासुद्धा एक तोराच आहे, एवढं मला कळतं.

शौकीन : गाणं लिही. कुठं टाकू नकोस. दिवाळीच्या मागंपुढं गाळप सुरू झालं की टोळ्यांच्या कोप्या आपल्याच रानाच्या कडेला पडतात. इंदापूरच्या पोराला बोलाव. त्यानं त्याचं म्हणावं, तू तुझं म्हण, एकमेकांची तोंडं दिसत असताना. ऐकायला त्या बाया-माणसं, त्यांना सवड असली तर. दिवसभर मोळ्या वाहिल्यावर असेलच असं नाही.

शंकेखोर : आणि ऐकून त्या म्हणाल्या, की आमच्या नावानं तुम्ही दोघांनीही गप्पा मारू नका?

शौकीन : तर तू हरलास आणि इंदापूरवालाही हरला. कलगी आणि तुरा दोघंही एकाच रात्री हरल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही.